टाळ, मृदंग आणि देवाचा दरबार

बँकेत असताना आमच्या शाखेत एक कॅशियर होते. नोटा मोजण्याचा त्यांचा वेग असा, की समोरचा ग्राहक बघतच राहायचा. तीस वर्षांत त्यांच्या रोजमेळात एका रुपयाची चूक सापडली नाही. आम्ही दोघेही निवृत्त झालो, पण सकाळचे रंकाळ्यावरचे फिरणे सुटले नाही. माणूस बोलका. राजकारण, क्रिकेट, मिसळीचा कट कुठे चांगला मिळतो, कोणताही विषय त्यांना चालतो. मागच्या पावसाळ्यात मात्र चार दिवस ते माझ्याबरोबर मुक्याने चालले. पाचव्या दिवशी मी विषय काढला, तेव्हा कळले की घरात अबोला आहे. आजी आणि नातू एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मध्ये हे सापडले आहेत.

कारण ऐकून मला आधी हसू आले आणि मग हसल्याची लाज वाटली. हे कुटुंब ख्रिस्ती. रविवारच्या उपासनेत गाणी कोणत्या वाद्यांवर आणि कोणत्या पद्धतीने म्हणावीत, यावरून त्यांच्या मंडळीत दोन तट पडले होते. तरुणांना गिटार, की-बोर्ड आणि ड्रम हवे होते. गाण्याचे शब्द पडद्यावर दिसावेत, उभे राहून टाळ्या वाजवत गावे, असे त्यांचे म्हणणे. वडीलधाऱ्यांना पायपेटी आणि हातातले जुने गीतांचे पुस्तक सोडवत नव्हते. दोघा-चौघांनी टाळ-मृदंगाचे भजन पुन्हा सुरू करण्याची सूचना केली, तर हा देवळातला प्रकार आपल्याकडे कशाला, असे कुणीतरी म्हणाले. बैठकीत आवाज चढले. एका कुटुंबाने येणेच बंद केले. माझ्या मित्राचा मुलगा गिटारवाल्यांच्या पुढे आणि त्यांची ऐंशी ओलांडलेली आई पायपेटीच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले ते आईचे गीतांचे पुस्तक घेऊनच. कड्या उसवलेले, पाने पिवळी पडलेले ‘उपासना संगीत’. तुम्ही लेखक आहात, बाहेरचे आहात, तुम्हीच सांगा कोण बरोबर, असा त्यांचा आग्रह. मी हिंदू माणूस, दुसऱ्यांच्या देवघरात निवाडा करणे मला शोभणारे नव्हते. पण सवयीने पाने चाळू लागलो आणि एका गोष्टीने थबकलो. गीतांमागून गीतांखाली एकाच कवीचे नाव दिसत होते : नारायण वामन टिळक. आजी जे जुने म्हणून जपत होत्या, ते एके काळी नवे होते. ते ज्याने आणले, त्याला त्यासाठी आपल्याच माणसांशी आयुष्यभर झगडावे लागले होते. त्या दिवशी मी मित्राला निवाडा दिला नाही. टिळकांची गोष्ट मात्र सांगितली. तीच आज वाचकांना सांगतो आहे.

रेल्वेच्या डब्यातले पुस्तक

टिळक आपल्याला माहीत आहेत ते शाळेच्या पुस्तकातून. फुला-मुलांचे कवी, ‘वनवासी फूल’ लिहिणारे, बालकवींना घरात ठेवून घेणारे. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणाचे. आईवर त्यांचा फार जीव, ती लवकर गेली आणि मुलगा घराबाहेर पडला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत आणि काव्य शिकला. इंग्रजी शाळा जेमतेम दोन वर्षांची. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झाले. ती तेव्हा अकरा वर्षांची. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी. हे पुस्तक घरात नसेल, तर आज संध्याकाळी विकत आणावे. मराठीत याहून निर्मळ आत्मचरित्र माझ्या वाचनात नाही.

टिळकांचा पाय एका गावात टिकत नसे. शिक्षकी केली, कीर्तने-पुराणे सांगितली, नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. पैसा हातात आला की दुसऱ्याच्या हाती जायचा. जातिभेद त्यांना खुपत होता. या देशाला एका माणुसकीच्या धर्माची गरज आहे, असे त्यांना वाटू लागले होते आणि असा धर्म आपणच काढावा की काय, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी होता. दोघांच्या कवितेवर गप्पा झाल्या, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचायचे ठरवले ते दिलेल्या शब्दाखातर. पण डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. शत्रूवर प्रेम करा, हे सांगणारा गुरू आपण शोधत होतो तोच, असे त्यांना वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून घेतला नाही. रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून घेतला. पुढच्या सगळ्या वादाचे बीज या एका निवडीत आहे, असे मला वाटते.

घराची वाताहत झाली. लक्ष्मीबाईंना तो धक्का सोसण्यासारखा नव्हता. त्या मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरात. चार-पाच वर्षे नवरा-बायको वेगळे. मग त्या अहमदनगरला आल्या. आधी सोवळेओवळे सांभाळून वेगळ्या राहिल्या, आणि एकेक अढी स्वतःच्या विचाराने सोडत १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने ओढले म्हणून नव्हे, आपल्याला पटले म्हणून.

चाल कुणाची?

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे. टिळक तिथे ईश्वरविद्येच्या शाळेत शिकवू लागले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. रविवारच्या उपासनेत ते बसत, आणि त्यांचा कवीचा कान दुखत असे. इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालीवर म्हटली जात. मराठी शब्दाचा आघात एकीकडे, चालीचा ठोका दुसरीकडे. ऱ्हस्व ताणायचे, दीर्घ गिळायचे, आणि मग ओळ कशीबशी चालीत बसायची. तुकोबाच्या अभंगावर वाढलेल्या माणसाला ही प्रार्थना आपल्या तोंडची वाटणार कशी?

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ख्रिस्ती कीर्तन टिळकांनी शून्यातून काढले नाही. त्यांच्या आधी कृष्णराव रत्नोजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींची गीते रचली होती, कीर्तनेही केली होती. आणखी मागे गेले, तर गोव्यात इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी १६१६ सालीच ‘क्रिस्तपुराण’ ओवीत लिहून छापले होते. पण टिळकांनी या धाग्याचे वस्त्र विणले. अभंग, पदे, आरत्या, मुलांची गाणी असा पाऊस पाडला. टाळ-मृदंग घेऊन कीर्तनाला उभे राहिले. ओव्यांत ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतले. आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकारामाच्या पुलावरून, असे ते मोकळेपणाने मानत. ज्या पुलावरून आपण आलो, तो आपल्यामागे पाडून टाकायला त्यांची तयारी नव्हती.

हे सगळ्यांना रुचले असे नाही. बाप्तिस्मा घेताना जे मागे टाकले, तेच चालीच्या आणि वेशाच्या रूपाने पुन्हा आत येते आहे, ही भीती होती. मिशनऱ्यांतही दोन मते होती. रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम यांनी टिळकांना पुष्कळ सांभाळून घेतले. जस्टिन अ‍ॅबट यांनी तर पुढे महाराष्ट्राच्या संतकवींची चरित्रे इंग्रजीत आणण्याला आपले उत्तरायुष्य दिले. तेव्हा गोरे विरुद्ध काळे, असा हा सरळ सामना नव्हता.

याच काळात, पुण्याजवळ केडगावला, दुसरेच वारे वाहत होते. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ साली मुली आणि बायका एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, भान हरपून बसू लागल्या. काही मिशनऱ्यांना तो पवित्र आत्म्याचा स्पर्श वाटला, तर काहींना हा बेशिस्त उमाळा वाटला. रमाबाई आणि टिळक, दोघेही चित्पावन घरातले, दोघेही संस्कृतात मुरलेले. एकीच्या अंगणात प्रार्थना शब्दांचे बांध फोडून वाहिली, दुसऱ्याने तिला अभंगाच्या पात्रात घातली. ख्रिस्ती उपासना कशी असावी, या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रातच किती उत्तरे होती, ते यावरून दिसते.

बाहेरच्याला वाटेल, चालीवरून एवढे काय? पण आपण कोल्हापूरकरांनी हे विचारू नये. विसाव्या शतकाच्या तोंडावर या गावाने वेदोक्ताचे प्रकरण पाहिले आहे. राजाच्या घरी मंत्र वेदोक्त म्हणायचे की पुराणोक्त, एवढाच वरवर दिसणारा मुद्दा. पण त्यात कोण कुणापेक्षा वरचा, हा प्रश्न दडलेला होता आणि त्यातून शाहू महाराजांचे सारे पुढचे राजकारण पेटले. देवापुढे कोणत्या शब्दांत, कोणत्या सुरात आणि कुणाच्या मध्यस्थीने उभे राहायचे, हा प्रश्न कधीच नुसता सुराचा नसतो.

पगार आणि परिपत्रक

टिळकांचे भांडण चालीपाशी थांबले नाही, ते हिशेबापर्यंत गेले. बँकेत आयुष्य काढल्यामुळे मला हा भाग विशेष जवळचा. मिशनचा पैसा परदेशातून यायचा. पाळक, शिक्षक, प्रचारक त्या पैशावर. ज्याच्या पैशावर शाखा चालते, त्याच्याच हुकमाने चालते, हे आम्हाला पहिल्या महिन्यात कळते. टिळकांना दिसले, की जोवर मंडळीचा खर्च परक्या खात्यातून होतो, तोवर मंडळी स्वतःची होणार नाही, आणि आजूबाजूच्या लोकांना ख्रिस्त हा साहेबाचाच देव वाटत राहील. ते देशभक्त होते, आणि ख्रिस्ती झाल्यामुळे आपली देशभक्ती वाढली, असे त्यांना वाटे. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या १८४२ पासूनच्या पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. तिथे ते हे लिहीत राहिले.

गंमत अशी, की त्यांचे म्हणणे मिशनच्या कागदावर आधीच होते. या मिशनची मातृसंस्था अमेरिकन बोर्ड. तिचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मांडले होते, की स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा. हेड ऑफिसचे परिपत्रक उत्तम, शाखेत फायलीला लागलेले, आणि अंमलबजावणी शून्य. हे आम्ही बँकवाल्यांनी किती वेळा पाहिले आहे!

याच अँडरसनांशी आपल्या कोल्हापूरचाही संबंध आहे. १८५२ साली इथे रॉयल वाइल्डर हे मिशनरी आले. अँडरसनांचा भर मातृभाषेतल्या उपदेशावर, शाळांवरचा खर्च, विशेषतः इंग्रजी शाळांवरचा, कमी करण्यावर. वाइल्डर मात्र शाळा सोडायला तयार नव्हते. वाद इतका विकोपाला गेला, की बोर्डाशी त्यांचा संबंध तुटला आणि त्यांनी स्वतंत्रपणे कोल्हापुरात काम चालवले. १८७० साली ते काम प्रेस्बिटेरियन मिशनने हाती घेतले, आणि १८७५ साली वाइल्डर मायदेशी परतले. त्यांच्या नावाचे चर्च आपल्या गावात आहे. पद्धतीवरून आपल्याच संस्थेशी भांडणे हे बंड असते की निष्ठा, हा प्रश्न टिळकांच्या आधीच या गावाच्या मातीत रुजलेला होता.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या वर. गाठीला काही नाही, कारण गाठ मारायची सवयच नव्हती. ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले. साताऱ्याला बिऱ्हाड नेले आणि तिथे ‘देवाचा दरबार’ काढला. कल्पना अशी, की ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचे एक बंधुमंडळ असावे. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी यावे, न घेतलेल्यांनीही यावे. इथे मात्र त्यांचे स्नेहीही बिचकले. टाळ-मृदंग चालतील, कीर्तन चालेल, पण बाप्तिस्म्याचा उंबरठाच काढला, तर घर कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो? हा आक्षेप पोकळ नव्हता. टिळकांचे उत्तर असे, की चर्च आपल्या जागी राहो, त्याच्याशी आपले वैर नाही. पण उंबरठ्याबाहेर ख्रिस्तावर प्रेम करणारी पुष्कळ माणसे उभी आहेत, त्यांना बसायला सतरंजी हवी.

सतरंजी फार दिवस अंथरलेली राहिली नाही. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. टिळकांच्या घरात पोरासारखा वावरलेला तो कवी. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही मुंबईत गेले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

दुसरी बाजू

टिळकांवर माझे प्रेम आहे, पण हिशेब दोन्ही रकान्यांचा मांडायला हवा. पगार सोडण्याचा निर्णय त्यांचा, त्याची झळ मात्र लक्ष्मीबाईंना बसली. पहिल्यांदा धर्म बदलताना बसली, तशीच यावेळीही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, कारण त्या हसवतात. पण त्या हसण्याखाली रिकाम्या डब्यांचा आवाज आहे. ‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले. उरलेला सारा ग्रंथ, शाळेत न गेलेल्या या बाईने पूर्ण केला.

दुसरी गोष्ट मला मित्राच्या आईने शिकवली. टिळकांची गोष्ट मी त्यांच्या घरी जाऊन पुन्हा सांगितली, तेव्हा त्या शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी आपले सांगितले. त्यांच्या आजोबांना गावातल्या देवळाची पायरी चढू देत नसत. भजन चालायचे आत, हे उभे बाहेर. मिशनच्या शाळेत प्रथम त्यांना बाकावर बसायला मिळाले, आणि तिथे एक पायपेटी होती. टिळकांना टाळ म्हणजे आपले घर वाटले, कारण ते त्या घरात जन्मले होते. आमच्या माणसांना ते बंद दाराचे वाजणे वाटले असेल, तर त्यात त्यांचे काय चुकले, असा त्यांचा सवाल होता. मला उत्तर सुचले नाही. अहमदनगरच्या मंडळीत बहुतेक माणसे दलित समाजातून आलेली होती, आणि त्यांच्यात वावरणारे टिळक हे ब्राह्मण कवी होते. चोखोबाचा अभंगही टाळावरच गायला गेला हे खरे. पण चोखोबाही देवळाबाहेरच होता, हेही तितकेच खरे.

तरी टिळक हरले, असे मी म्हणणार नाही. साताऱ्याचा दरबार मोडला, पण जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याने १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला. आश्रमाची राहणी, भारतीय पद्धतीची उपासना, हे सारे टिळकांच्याच वाटेवरचे. १९२३ साली त्यांचे इंग्रजी चरित्रही विन्स्लोंनीच लिहिले. कॅथलिक चर्चने १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत उपासनेसाठी लोकभाषेचे दार उघडले. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. या सगळ्याचे श्रेय एकट्या टिळकांचे नाही. पण मराठी आणि ख्रिस्ती हे दोन शब्द एका श्वासात म्हणता येतात, हे आधी ज्यांनी दाखवले, त्यांत त्यांचे नाव पुढे आहे.

हे सारे ऐकून माझ्या मित्राचा मुलगा पुस्तक चाळत बसला. आजीच्या आवडत्या गीताखाली टिळकांचे नाव पाहून त्याने एवढेच विचारले, की याची मूळ चाल कोणती होती. आजींनी पेटी मागवली नाही. मांडीवर ताल धरून त्या हळू आवाजात म्हणू लागल्या. पायपेटीवरची चाल ती नव्हती. त्यांच्या आईने जात्यावर म्हटलेली होती. नातवाने फोनवर ती ध्वनिमुद्रित करून घेतली.

मंडळीतला वाद अजून मिटलेला नाही. ते कुटुंब परत आलेले नाही, आणि ड्रमचा निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. पण घरातला अबोला सुटला. आता माझे मित्र रंकाळ्यावर पुन्हा भरपूर बोलतात. गेल्या आठवड्यात ते सांगत होते, की नातू ती चाल गिटारवर बसवतो आहे आणि आजी शेजारी बसून त्याच्या चुका काढते आहे.